आधी आधार, मग हातोडी

मल्हाररावांनी आयुष्यात बरेच अपमान गिळले होते, पण घरातल्या भाडेकरणीने समोर उभं राहून, "काका, सायकल दुरुस्तीचं एखादं चांगलं पुस्तक कुठं मिळंल?" असं विचारावं, हे त्यांच्या अगदी जिव्हारी लागलं. एकतीस वर्षं सरकारी कारखान्याच्या टूल रूममध्ये फिटर म्हणून काढलेला माणूस. लोखंडावरून बोट फिरवून फट सांगणारा. तो व्हरांड्यात धडधाकट बसलेला असताना ही मुलगी पुस्तक मागत होती.

"पुस्तक कशाला?" ते म्हणाले. "मी काय मेलोय?"

"तसं न्हवं काका," प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्ही घरी असता. सायकल मोडती रस्त्यात."

हे खरं होतं, म्हणून मल्हारराव जास्तच चिडले.

प्रियदर्शनी चिकोडीकडची. नर्सिंगचा कोर्स करून ती बेंगळुरूला आली होती आणि जे. पी. नगरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात सहा महिन्यांच्या उमेदवारीवर लागली होती. मल्हाररावांच्या घरामागची एक खोली तिने भाड्याने घेतली होती. पंच्याण्णव साली जे. पी. नगर जिथे संपायचं तिथे खरोखरच संपायचं. पुढे नाचणीची शेतं, नीलगिरीची रांग आणि विखुरलेली खेडी. त्यातल्या पाच खेड्यांची फेरी प्रियदर्शनीकडे होती. बाळंतिणींना बघायचं आणि दर मंगळवारी एकेका खेड्यातल्या पोरांना लस टोचायची. या फेरीसाठी दवाखान्याने तिला एक लेडीज सायकल दिली होती. ती आधीच्या तीन नर्सांना पुरून उरली होती आणि आता चौथीच्या मागे लागली होती.

त्या सायकलीपायी प्रियदर्शनीला चार मंगळवार उशीर झाला. उशीर म्हणजे नुसता घड्याळातला नव्हे. खेड्यातल्या आया नऊपर्यंत थांबत. नवाच्या ठोक्याला मुकादम बांधकामाच्या ट्रकमध्ये मजूर भरायचा आणि निघून जायचा. नर्स आली नाही तर आया पोराला काखेत मारून ट्रकमध्ये चढत. पोर बिनलसीचं राही ते पुढच्या महिन्यापर्यंत. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई कडक होत्या, पण उगाच कडक नव्हत्या. त्यांनी प्रियदर्शनीला बोलावून सांगितलं, "जानेवारीअखेर तुझी उमेदवारी संपते. तोवर आणखी एकदा उशीर झाला, तर फेरी श्रीकांतला देईन. त्याच्याकडे मोपेड आहे." श्रीकांत दवाखान्याचा कंपाउंडर. फेरी गेली म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली म्हणजे चिकोडीला जाऊन चहाचे ट्रे घेऊन पाहुण्यांसमोर उभं राहणं आलं. प्रियदर्शनीला त्या पाच खेड्यांतली एकूण एक पोरं नावानिशी ठाऊक होती. तिला ती फेरी सोडायची नव्हती.

आता कुणी म्हणेल, मल्हाररावांनीच तिला का नाही शिकवलं? शिकवलं ना. तीन रविवार शिकवलं. प्रत्येक रविवारी ते तिला पाना धरायला देत, दोन मिनिटं दात आवळून बघत, आणि तिसऱ्या मिनिटाला "दे इकडे" म्हणून पाना काढून घेत. मग ते काम असं काही सुरेख करीत की बघत राहावं. प्रियदर्शनी बघत राहायची, आणि सोमवारी रस्त्यात सायकल मोडली की तिला एवढंच आठवायचं, की काकांचे हात फार झरझर चालतात.

"पुस्तकाचं एक बरं असतं काका," ती त्या दिवशी म्हणाली. "पुस्तक हातातनं पाना काढून घेत न्हाई."

स्वयंपाकघरात गोजराबाईंच्या हातून पातेल्यावरचं झाकण पडलं. त्या हसत होत्या. चाळीस वर्षं त्यांच्या हातातूनही किसणीपासून पडद्याच्या दांडीपर्यंत सगळं असंच काढून घेतलं गेलं होतं.

मध्ये दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ते जेवून उठले आणि म्हणाले, "चल. पुस्तक घ्यायचंच तर नीट तरी घेऊ. तू एकटी गेलीस तर चित्रं बघून काहीतरी उचलशील." गोजराबाईंना चिकपेटेत बांगड्या भरायच्या होत्या, त्याही निघाल्या.

ॲव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत बिंदुमाधव नावाचा एक दुकानदार मल्हाररावांच्या ओळखीचा होता. घरात मराठी बोलणारा, गिऱ्हाइकाशी कानडी, आणि पुस्तकांवरची धूळ झटकताना कुठल्याच भाषेत न बोलणारा माणूस. सगळं ऐकून घेऊन तो शिडीवर चढला आणि त्याने तीन पुस्तकं खाली टाकली.

"बघ अण्णा. एवढीच आहेत."

पहिलं हिंदीत होतं. त्याची पहिली तीस पानं दुकान कुठे थाटावं आणि पाटी कोणत्या रंगात रंगवावी यावरच खर्ची पडली होती. ते मल्हाररावांनी बाजूला सारलं.

दुसरं इंग्रजी होतं; जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. मल्हाररावांनी ते उघडलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. पानभर सायकल सुटी करून मांडलेली, बेअरिंगचा प्रत्येक छर्रा आपापल्या जागी तरंगतोय, प्रत्येक भागाला आकडा, आकड्याला नाव, मापं हजाराव्या हिश्शापर्यंत. रेषा अशी की कारखान्यातल्या ड्रॉइंगवाल्यांनी पाय धरावेत. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि आपण रस्त्यावर उभे आहोत हे विसरले.

"हे पुस्तक," ते म्हणाले. "याला म्हणतात पुस्तक."

तिसरं पुस्तक म्हणजे पुस्तक म्हणायचं म्हणून. अठ्ठेचाळीस पानांचं, कानडी, पिवळं पडलेलं. मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नावही गेलेलं. आतली चित्रं तर अशी, की मल्हाररावांनी एक बघून विचारलं, "ही सायकल आहे की शेळी?" पण गोजराबाई ते हातात घेऊन वाचत उभ्या राहिल्या. बेंगळुरूतल्या जुन्या मराठा घरांची हीच तऱ्हा. बोलणं मराठी, पण शाळा कानडी, म्हणून अक्षर डोळ्यासमोर आलं की ते कानडीच हवं. चार पानं वाचून त्या म्हणाल्या, "मला कळतंय की हे."

"तुला कळून काय करायचंय?" मल्हारराव म्हणाले.

बिंदुमाधव चतुर माणूस. तो म्हणाला, "अण्णा, दोन्ही न्या. पंधरा दिवसांत एक ठेवा, एक परत आणा." आणि त्याने दोन्ही पुस्तकं एकाच सुतळीत बांधून दिली.

बसमध्ये मल्हाररावांची कळी खुलली होती. पुस्तक मांडीवर घेऊन ते टूल रूमच्या गोष्टी सांगू लागले. त्यांच्या कारखान्यात प्रत्येक कामाचं एक पत्रक असे. आधी काय, मग काय, शेवटी काय. नवं पत्रक लिहिलं की ते थेट खात्यात लागत नसे. आधी कँटीनमधून नाहीतर बागेतून एखादा माणूस बोलावत, ज्याला त्या कामातलं ओ की ठो कळत नाही असा. तो ते पत्रक वाचून काम करी आणि लिहिणारा हाताची घडी घालून बाजूला उभा राही. लिहिणाऱ्याला एक शब्दही बोलायची मुभा नसे. बोलला की पत्रक नापास. "माझं एकही पत्रक परत आलं नाही," मल्हारराव म्हणाले.

"मग पुस्तकाचीबी तशीच परीक्षा घेऊ या की," प्रियदर्शनी म्हणाली.

"घ्या," मल्हारराव मोठ्या मनाने म्हणाले. "पण ओ की ठो न कळणारं माणूस आणायचं कुठनं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. गोजराबाई जन्मात सायकलवर बसल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पोतं अंथरलं, त्यावर सायकल आणली. काम ठरलं ते डाव्या पायडलचं. पायडलचा दांडा सैल होऊन दर फेऱ्याला खटक, खटक करत होता. हा दांडा मधल्या ॲक्सलला धरून ठेवते ती कॉटर पिन, करंगळीएवढी लोखंडी पाचर, एका टोकाला आटे आणि नट. ती झिजली होती. ती काढून नवी घालायची. मल्हाररावांना पाच मिनिटांचं काम. पण ते व्हरांड्यातल्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. परीक्षेचा नियम त्यांनीच सांगितलेला.

प्रियदर्शनी इंग्रजीतून वाचून मराठीत सांगणार आणि गोजराबाई करणार. "नट काढून टाका," प्रियदर्शनीने वाचलं. गोजराबाईंनी पान्याने नट काढला आणि पोत्यावर ठेवला. मल्हाररावांचा उजवा पाय हलायला लागला. "आता हातोडीने पिन बाहेर काढा."

मल्हाररावांनी हे पान आदल्या दिवशी दोनदा वाचलं होतं आणि त्यात काही उणं आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. आता मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची बायको उघड्या आट्यांवर हातोडी उगारत होती. दांड्याखाली काही टेकण नाही. घाव बसणार तो पिनेवर नव्हे, आतल्या छर्ऱ्यांवर. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बोललं तर पुस्तक नापास. आणि पुस्तक नापास होणं त्यांना नको होतं, कारण ते त्यांनी निवडलं होतं.

पहिला घाव बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला आटे चेपून चपटे झाले, पिन वाकडी झाली आणि भोकात अशी रुतली की पुढेही जाईना, मागेही येईना.

"थांब," मल्हारराव ओरडले. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"अवो, पुस्तकात तसंच आहे," गोजराबाई हातोडी हातात धरून म्हणाल्या.

प्रियदर्शनीने पान उलटलं. पुढच्या पानावर सुंदर चौकटीत लिहिलं होतं, की घाव घालण्यापूर्वी दांड्याला खालून भक्कम आधार द्यावा आणि आट्यांचं रक्षण व्हावं म्हणून नट दोन आट्यांवर राहू द्यावा. तिने ते वाचून दाखवलं.

दुपारचं जेवण तसंच झाकून ठेवून मल्हारराव बसले. त्यांनी पिन करवतीने कापली, ड्रिलने कोरून काढली आणि नवी बसवली. पिनेने मात्र जाता जाता दांड्याचं भोक किंचित मोठं केलं होतं. संध्याकाळी हात धुताना ते बराच वेळ साबण चोळत होते. त्यांना पुस्तकाचा राग आला नव्हता, स्वतःचा आला होता. ते पान वाचताना आधाराचा ठोकळा त्यांनी मनातल्या मनात स्वतःच खाली ठेवला होता आणि पुस्तकाने ठेवला असं समजून पुढे गेले होते. एकतीस वर्षांचं शहाणपण डोळ्यांवर असं पसरलं होतं, की कागदावर काय नाही हे त्यांना दिसलंच नाही.

"ज्याला येतं त्याच्यासाठी लिहिलंय ते," जेवताना ते एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी कानडी पुस्तकाची पाळी. प्रियदर्शनी कानडी फडाफडा बोलायची, पण तिची शाळा मराठी. कानडी वाचताना ती अडखळायची. म्हणून या वेळी गोजराबाई वाचून मराठीत सांगणार आणि प्रियदर्शनीचे हात चालणार. काम तेच, या खेपेला उजव्या पायडलची पिन. मल्हारराव खुर्चीत बसले. मनातून ते त्या शेळीच्या चित्राला हसायला टपले होते.

गोजराबाईंनी चष्मा सारखा केला. "पहिलं वाक्य ऐक," त्या म्हणाल्या. "हातोडी हातात असेल तर खाली ठेवा."

प्रियदर्शनीने खरोखरच हातोडी खाली ठेवली.

"आता दांड्याखाली लाकडाचा ठोकळा लावा. ठोकळा हलतो का बघा. हलत असेल तर दुसरा आणा. आधी आधार, मग हातोडी." गोजराबाईंनी पान बोटाने धरलं. "आता नट सैल करा, पण काढू नका. दोन आट्यांवर ठेवा. मोह होईल, पण काढू नका."

"मोह होईल असं लिहिलंय?" मल्हारराव खुर्चीतून म्हणाले.

"तुम्ही बोलायचं नाही," गोजराबाई म्हणाल्या, आणि पुढे वाचू लागल्या. "एकच घाव घाला, पण जोरात. दहा हलके घाव घालणाऱ्याची पिन वाकते. मनात धाकधूक असेल तर स्वल्प थांबा, पाणी प्या."

प्रियदर्शनी पाणी प्यायली. मग तिने ठोकळा पुन्हा दाबून बघितला, दोन्ही पाय रोवले आणि एकच घाव घातला. पिन निसटून मागे सरकली आणि नट दांड्याला येऊन टेकला. तिने नट फिरवून काढला आणि पिन दोन बोटांत धरून वर केली. आट्यांवर ओरखडासुद्धा नव्हता.

मल्हारराव उठून आले. त्यांनी पुस्तक बायकोच्या हातून घेतलं. हिसकावून नव्हे, मागून घेतलं. उभ्याउभ्या त्यांनी चेन वाचलं, ब्रेक वाचला, पंक्चर वाचलं. सगळीकडे तेच. जिथे माणूस चुकणार, त्याच्या एक ओळ आधी लिहिणारा येऊन उभा राहिलेला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे पान्याला हात लावण्याआधी सांगितलेलं. पंक्चर काढून झाल्यावर टायरमध्ये बोट फिरवून काटा शोधायचा राहून जातो, म्हणून काट्याची गोष्ट पंक्चरच्याही आधी. चित्रं वाईट होती, पण चित्रातला हात नेहमी बरोबर जागी धरलेला होता.

"हा माणूस पुष्कळ चुकलेला आहे," मल्हारराव हळू आवाजात म्हणाले. "आणि एकही चूक विसरलेला नाही. मी विसरलो सगळ्या." त्यांना त्या बिननावाच्या माणसाबद्दल इतका आदर वाटला, की त्यांनी हात पंच्याला पुसून मगच पुढचं पान उलटलं.

इंग्रजी पुस्तक परत गेलं. बिंदुमाधवने ते पुसून पुन्हा फळीवर ठेवलं.

मग डिसेंबरभर रोज संध्याकाळी अंगणात पोतं पसरायचं. गोजराबाई वाचायच्या, प्रियदर्शनी करायची, आणि कानडी ओळींच्या कडेला पेन्सिलीने मराठीत टिपून ठेवायची. हळूहळू तिचं अडखळणं कमी झालं आणि गोजराबाईंना नुसतंच शेजारी बसायचं काम उरलं. ब्रेकचे गज तिने सरळ केले, मागचं चाक डुलत होतं, त्याचा आऊट काढला. मल्हारराव खुर्चीत बसून राहत. गप्प बसणं त्यांना अजूनही जड जाई, पण आता ते नियमापायी बसत नव्हते. ते बघत होते, की ही मुलगी घाई करत नाही. एखादा नट बसला नाही तर ती त्याच्याशी भांडत नाही, थांबते, पुन्हा पहिल्या ओळीवर जाते. दवाखान्यात रडणाऱ्या पोराची शीर शोधताना ती अशीच थांबत असेल, असं त्यांना वाटे. असा शिकाऊ त्यांच्या हाताखाली कधी आला नव्हता. किंवा आला असेल, आणि त्याच्या हातातला पाना त्यांनी तिसऱ्या मिनिटाला काढून घेतला असेल. हे मनात आलं त्या संध्याकाळी त्यांचं जेवणात लक्ष लागलं नाही.

जानेवारीतला शेवटचा मंगळवार उजाडला. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की त्या दिवशी त्या स्वतः खेड्यात येणार, नऊच्या आत, आणि तिथेच काय ते ठरवणार. प्रियदर्शनी साडेसातला लशीचा बर्फाचा डबा कॅरिअरला बांधून निघाली. मल्हारराव फाटकाशी उभे होते. सायकल वळणाशी पोचली आणि त्यांच्या कानावर आवाज आला. खटक. मग पुन्हा खटक. डाव्या बाजूचा. मोठं झालेलं ते भोक. त्यांनी हाक मारली, पण ती कोपऱ्यावरून वळली होती. मागे वळून बघतात तो पुस्तक पाण्याच्या टाकीवर पडलेलं.

त्यांनी चपला घातल्या, पुस्तक आणि हातोडी पिशवीत टाकली आणि मिळाली ती बस पकडली. शेवटच्या स्टॉपला उतरून ते शेतांच्या रस्त्याने चालायला लागले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण असा झपाझप निघाला की वाटेतल्या म्हशी बाजूला झाल्या. मैलभर गेल्यावर नीलगिरीच्या सावलीत त्यांना सायकल दिसली. सायकल आडवी पडली होती आणि प्रियदर्शनी तिच्याशेजारी मांडी घालून बसली होती. पायडलचा दांडा निघून आला होता. घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

ते हाक मारणार होते. पण तेवढ्यात तिने औषधांच्या पिशवीतून मलमाची एक ट्यूब काढली, आणि मल्हारराव थांबले, कारण ती काय करतेय ते त्यांना कळेना. ट्यूबमध्ये थोडं मलम उरलं होतं. ते तिने पिळून गॉजच्या तुकड्यावर घेतलं, घडी घालून जपून ठेवलं. मग कात्रीने ट्यूब उभी कापली, उलगडली, पुसली आणि त्या मऊ पत्र्याची बोटभर पट्टी काढली. ती पट्टी तिने पिनेला गुंडाळली, दांडा ॲक्सलवर चढवला आणि पिन भोकात सारली. एक चपटा दगड दांड्याखाली सरकवला, हलतो का बघितलं, काढला, दुसरा आणला. मग मुठीएवढा दगड उचलून एकच घाव घातला. नट आवळला. दांडा धरून जोरात हलवला. तो हलला नाही.

एकतीस वर्षांत मल्हाररावांना हे सुचलं नव्हतं. सुचायची गरजच पडली नव्हती. टूल रूममध्ये हात पुढे केला की नवा भाग मिळायचा. ते झाडाआड पिशवी छातीशी धरून उभे होते. पुढे होऊन काही बोलावं इतका वेळच तिने ठेवला नाही. टांग मारून ती निघून गेली, आणि सायकलीचा आवाज येत नव्हता.

ते मागोमाग चालत खेड्यात पोचले तेव्हा सव्वानऊ झाले होते. शाळेच्या ओट्यावर पोरांची रडारड चालू होती. मुकादमाचा ट्रक गेला होता, पण पोरांना लस टोचून झालेल्या आयांना घेऊन गेला होता. उरल्या होत्या त्या म्हाताऱ्या आज्या आणि त्यांच्या कडेवरची धाकटी. डॉक्टरीणबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. मल्हाररावांनी आपण घरमालक असल्याचं सांगितलं.

"पावणेनऊला आली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, हात बघ, काय हे काळे. तीनदा साबणाने धुवायला लावले." मग त्या म्हणाल्या, "सायकल वाटेत मोडली होती म्हणे. श्रीकांतची मोपेड मोडली की तो ती ढकलत दवाखान्यात आणतो. फेरी हिच्याकडेच ठेवते."

प्रियदर्शनी एका आजीच्या मांडीवरच्या पोराला टोचत होती. तिने मान वर केली. "काका, तुम्ही इथं?"

"चालायला निघालो होतो," मल्हारराव म्हणाले.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा ते व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसले. शेवटचं पान कोरं होतं. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि प्रियदर्शनीला हाक मारली. "ते ट्यूबचं कसं केलंस, ते सांग. पहिल्यापासून. मी लिहून घेतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सांग तू."

ती सांगत गेली आणि ते कानडीत लिहीत गेले, टूल रूममधल्या सरळ, टाकाने लिहिल्यासारख्या अक्षरात. कारखान्यात पत्रकाच्या माथ्यावर पद्धत काढणाऱ्याचं नाव घालायची रीत होती. ती जागा आजवर त्यांनी स्वतःखेरीज कुणाला दिली नव्हती. त्यांनी तिथे लिहिलं, पद्धत प्रियदर्शनी यांची. मग सगळं मराठीत वाचून दाखवलं; ट्यूब कापा, पुसा, पट्टी काढा, पिनेला गुंडाळा, पिन ठोकून बसवा, ठोकताना खाली दगडाचा आधार असावा.

प्रियदर्शनी जराशी घुटमळली. "काका, आधाराचा दगड शेवटी आलाय," ती म्हणाली. "वाचणारा तोवर पिन ठोकून बसलेला असंल."

गोजराबाई दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. मल्हाररावांचं एकही पत्रक आजवर परत आलं नव्हतं. त्यांनी लिहिलेलं पुन्हा वाचलं, बोटाने ओळ धरून, सावकाश.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले, आणि त्यांनी गोजराबाईंकडे खोडरबर मागितला.